पारबतामावशीचा कोनाडा

पारबतामावशी कुठंही झोपायची. भिंतीला पाठ लागली की झोपली. तूर निवडता निवडता झोपायची, लग्नात पंगतीची वाट पाहता पाहता झोपायची. एकदा तर माझ्याशी बोलताना वाक्याच्या मधोमध झोपली, आणि जागी झाली तेव्हा ते वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचलून पुरं केलं. वस्तीतल्या बाया तिला हसायच्या. "लय थकली वाटते वं मावशी," असं कोणी म्हटलं की ती म्हणायची, "थकाले जागा कुठी हाये बाई? डोये मिटले थोडेसे."

तिचा मुलगा देविदास शेजारी बसून घशातून सारखा आवाज काढत असायचा. त्या आवाजानं तिची झोप कधी मोडली नाही. आवाज थांबला की मात्र ती ताडकन उठायची, कारण आवाज नाही म्हणजे पोरगं घरात नाही, कुठंतरी निघून गेलं. मग पदर खोचत, अनवाणी, नाल्याच्या बाजूनं धावत सुटायची. ती जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी स्वतः आता बसल्या जागी झोपतो आणि घरचे हसतात, तेव्हा तिची आठवण येते.

मी अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तो पंचावन्न सालचा उन्हाळा होता. नाल्याकाठच्या आमच्या लोकांच्या वस्तीत मी खोली घेतली. पारबतामावशीची आणि माझी भिंत एकच, तीही मातीची, त्यामुळे तिच्या घरात फोडणी पडली की शिंक मला यायची. वस्तीत शिकलेला मी एकटा, म्हणून माझ्या बापाच्या वयाची माणसंसुद्धा मला गुर्जी म्हणायची आणि अडलेलं काम माझ्याकडे आणायची. मावशीनं कधी काही आणलं नाही. सकाळी देविदासला शेजारणीच्या ओट्यावर बसवून ती कापसाच्या जिनात जायची, तिथं दिवसभर उन्हात कापूस पसरायची, आणि संध्याकाळी केसांत रुई घेऊन परत यायची. हंगाम संपला की दुसऱ्याच्या वावरात निंदणाला. नवरा कॉलऱ्यात गेला तेव्हा पोरगं अजून पाळण्यात होतं.

देविदास अंबादेवीला नवस बोलून झालेला, म्हणून देविदास. तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असेल. मोठा देखणा पोरगा, लांब पापण्यांचा. पण त्या पापण्या सारख्या उघडझाप करायच्या. मान डाव्या खांद्याकडे उडायची. घशातून 'हुक्' असा आवाज निघायचा, कधी एकटा, कधी त्याची माळच लागायची, आणि त्यात मधूनच कुत्र्याच्या पिल्लासारखं एखादं भुंकणं. हे झालं एक. याशिवाय त्याचं दुसरंच एक चालायचं. तो कोणाच्या तोंडाकडे पाहायचा नाही. हाक मारली तर वळायचा नाही, पण तुमच्या बोलण्यातले शेवटचे शब्द तुमच्याच सुरात तुम्हाला परत द्यायचा. जिनातून मावशीच्या पदरात आलेली सरकी उंबऱ्यापासून चुलीपर्यंत ओळीनं मांडत बसायचा, आणि त्या ओळीवर कोणाचा पाय पडला तर डोकं भिंतीवर आपटायचा. भाकर त्याला एकाच जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत लागायची. घरातला जिन्नस काल जिथं होता तिथंच आज असला पाहिजे, हा त्याचा कायदा होता, आणि त्या घरात दुसरा कोणताच कायदा चालत नव्हता.

आल्या आल्या मी तिला विचारलं होतं, "मावशी, हे पोरगं मुद्दाम करतं का गं?"

ती सुपात ज्वारी पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाहा गुर्जी. मान उडते, हुक् हुक् होते, हे त्याले होते. तो नाई करत. सरकी मांडते, बसल्या बसल्या हालते, हे तो करते. जिवाले बरं वाटते म्हून करते. होते त्याच्यावर बोलाचं नाई, करते त्यात हात घालाचा नाई. एवढं पाळलं की घर चालते." मग सूप खाली ठेवून, "कंदी कंदी दोनी एकात एक गुतते. तवा मले बी नाई समजत. तवा मी चूप बसतो."

माझी नात लहान मुलांची डॉक्टर आहे. तिला मी हे मागं एकदा सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच मुलात पुष्कळदा बरोबर येतात. अंगाला आपोआप येणारे झटके आणि निघणारे आवाज, त्यांना टिक्स म्हणतात. आणि दुसरी ती स्वमग्नता. दोन्ही एकत्र आल्या की कुठली कुठं संपते ते आजही चटकन सांगता येत नाही. मी ऐकून घेतलं. म्हातारपणी नावं कळतात, आणि ज्यांना ती हवी होती ती माणसं तोवर गेलेली असतात. तेव्हा आमच्याकडे या पोरासाठी दोनच शब्द होते. एक येडा, आणि दुसरा त्याहून वाईट. त्याचं पुढं सांगतो.

मी हौसेनं त्याला माझ्या वर्गात बसवलं. आमच्या शाळेची प्रार्थना डोळे मिटून, मौनानं सुरू व्हायची. देविदास ते मौन पाळायचा. ओठ आवळून, मुठी वळून, कपाळावर घाम आणून पाळायचा, आणि पुढे वर्गातही तसाच आवळून बसायचा. हेडमास्तर म्हणाले, पाहा, शिस्त लागली की सुधारतो. मलाही तसंच वाटलं. पण घराचा उंबरा ओलांडला की दिवसभराचं सगळं एकदम बाहेर पडायचं. मान इतकी उडायची की घास तोंडात जायचा नाही, आणि भिंतीपलीकडून मला ते भुंकणं दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत ऐकू यायचं. थोड्या दिवसांनी मावशी माझ्या दारात उभी राहिली. "शाळेत दाबून ठेवते अन् घरी येऊन फुटते. त्याले दोनदा भोगा लागून राहिलं गुर्जी. राहू द्या आता." तिनं त्याला काढून नेलं. शाळा सुटल्याचं दुःख तिला झालं होतं, ते तिनं दाखवलं नाही. त्याची पाटी मात्र तिनं कोणाला दिली नाही, घरात जिथं ठेवायचा तिथंच राहू दिली.

मग छप्पन्न साल आलं. आमची सगळी वस्ती धम्म घ्यायला नागपूरला गेली. मावशी गेली ती देविदासचा हात स्वतःच्या पदराला गाठ मारून बांधून. त्या गर्दीत तो दोन्ही कान दाबून, डोळे मिटून बसला होता. "लोकाईनं डोये मिटून धम्म घेतला," ती नंतर सांगायची, "मी एक डोया पोट्ट्यावर ठेवून घेतला. अर्धा पोचला असंन."

परत आल्यावर वस्तीनं घरोघरचे देव टोपल्यांत भरले आणि नाल्यापलीकडच्या पडक्या विहिरीत नेऊन सोडले. आमची माणसं त्या दिवशी ज्या तोऱ्यात चालत होती तशी चालताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला होता, तो आजही आठवला की छाती भरून येते. मावशीच्या घरात चुलीशेजारच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात वीतभर उंचीचा, शेंदूर फासलेला एक धोंडा होता. तो तिनं स्वतः उचलून टोपलीत टाकला. "कॉलऱ्याच्या वक्ती हा इथीसाच बसून होता," ती म्हणाली. "उठला काय?"

देविदास तेव्हा दाराबाहेर होता. घरात आला, आणि त्याला कोनाडा रिकामा दिसला.

त्या दिवसापासून त्याचं सगळं बिघडलं. तो कोनाड्यासमोर उभा राहायचा, हलायचा नाही. भाकर समोर तशीच वाळायची. रिकाम्या जागेवर नखं घासून घासून त्यानं बोटं सोलून घेतली. मान, पापण्या, हुक्, भुंकणं, सगळं चौपट झालं, आणि त्यात एक नवीन किंकाळी आली. त्याच सुमारास आमच्या वस्तीच्या पंचांतले दौलतबापू नवीन नावं देत फिरत होते. देवादिकांची नावं आता नकोत म्हणून त्यांनी देविदासचं नाव आनंद ठेवलं. हाक मारली, "आनंद." त्यानं "आनंद" म्हणून परत दिली आणि कोनाड्याकडे पाहत राहिला. मावशी हात जोडून म्हणाली, "राहू द्या बापू. एक धोंडा हालला तं हे हाल हायेत. आता नाव कुठी नेता त्याचं?"

नाल्यापलीकडे हिंदूंची घरं होती. तिकडच्या लोकांना तर पर्वणीच झाली. नवसाचं पोर, नाव देविदास, देव विहिरीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी पोर घुमायला लागलं. अंगात आली, देवी अंगात आली. हाच तो दुसरा शब्द. कापसाच्या बाजारापर्यंत बातमी गेली. ज्यांनी आम्हाला कधी अंगणात उभं केलं नव्हतं ते लोक नाला ओलांडून यायचे आणि देविदासकडे पाहून जायचे. चेहरे गंभीर असायचे, पण आतून खूश होते हे मला दिसायचं. संताप यायचा मला. धर्म सोडला ते आम्ही, आणि साक्ष काढायची ती या पोराची.

आमच्या लोकांचंही डोकं फिरलं. दौलतबापूंनी पदरमोड करून काचेच्या चौकटीतला बुद्धाचा फोटो आणला आणि स्वतःच्या हातानं कोनाड्यात ठेवला. बापू निघून गेले. देविदासनं फोटो दोन्ही हातांनी अलगद उचलला, खाली भिंतीशी तोंड करून उभा केला, आणि पुन्हा कोनाड्यासमोर जाऊन उभा राहिला. शेजारणीनं ते दारातून पाहिलं. पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. पलीकडचे म्हणाले, पाहा, देवीला चालत नाही. आमचे म्हणाले, या बाईनं पोराला शिकवून ठेवलंय.

मावशी मला म्हणाली, "त्याले देव नको गुर्जी, अन् बुद्ध बी नको. त्याले भिताडातली ती जागा भरलेली पायजे. बस."

मग ती एकेक वस्तू ठेवून पाहू लागली. दिवा ठेवला, तांब्या ठेवला. एक दिवस लाकडी पावशेराचं माप ठेवलं, एक दिवस चक्क वांगं ठेवलं. देविदास प्रत्येक वस्तू उचलून ज्या त्या जागी परत नेऊन ठेवायचा. अशात एकदा मावशी लाल मिरचीचा ठेचा वाटत असताना तो बाहेर पळाला म्हणून तिनं हातातला वरवंटा समोर दिसला त्या कोनाड्यात उभा ठेवला आणि ती त्याच्यामागे धावली. त्याला धरून घरात आणलं. त्यानं कोनाड्याकडे पाहिलं, आणि खाली बसून सरकी मांडायला लागला. त्या रात्री तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी तिनं वरवंटा धुऊन ठेवला तर त्यानं पुन्हा किंकाळी फोडली. धुतलेला त्याला चालत नव्हता. लाल पाहिजे होता. म्हणून मावशी त्यावर मिरचीचं वाटण तसंच राहू द्यायला लागली.

आता हे बाहेरून कसं दिसत असेल पाहा. देवाच्या कोनाड्यात वीतभर उंचीचा, गोल डोक्याचा, लालभडक दगड. सगळ्यांनाच तो शेंदूर फासलेला देव वाटला. दोन्ही बाजूंच्या लोकांचं त्या वर्षात एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

एका रविवारी सकाळी पंच तिच्या दारात येऊन बसले. मलाही बोलावलं होतं. दौलतबापू मध्ये. ते वाईट माणूस नव्हते. तरुणपणी देवळाच्या पायरीवर बसले म्हणून खाल्लेल्या काठीचा वळ त्यांच्या पाठीवर होता, तो उघड्या अंगानं काम करताना सगळ्यांनी पाहिलेला. दगडाच्या देवाबद्दल त्यांना राग होता तो असा अंगावर उमटलेला होता. वस्तीनं ठरवलं होतं, की ज्याच्या घरी देव निघेल त्याच्या घरी कोणी जाणार नाही, त्याचं पोर कोणी सांभाळणार नाही. मावशी जिनात गेली की देविदासला पाहणाऱ्या बाया वस्तीतल्याच होत्या. त्या सुटल्या की तिची मजुरी सुटली, किंवा देविदासला खांबाला बांधून जावं लागणार. त्यापलीकडे तिसरा रस्ता नव्हता.

"पारबता, तो धोंडा काढ," बापू म्हणाले.

"धोंडा नाई बापू. वरवंटा हाये."

"शेंदूर दिसून राहिला मले."

"मिरची हाये."

"असा कोन ठेवते वरवंटा देवाच्या जाग्यावर?"

मावशी कोनाड्याजवळ गेली आणि देविदासकडे न पाहता, पण त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "मी आता वाटन वाटतो. वाटून झालं की जाग्यावर ठेवतो."

"जाग्यावर ठेवतो," देविदास म्हणाला. "जाग्यावर ठेवतो, जाग्यावर ठेवतो." तिनं वरवंटा उचलला तशी त्याची मान उडायला लागली.

तिनं पाटा दारात ओढला, पंचांच्या अगदी पुढ्यात. हिरव्या मिरच्या, वरून वाळल्या लाल मिरच्या, लसूण, मीठ. वाटायला बसली. देविदासचा हुक् हुक् चढत गेला, मग भुंकणं, मग ती किंकाळी. पंच अस्वस्थ झाले. एक जण म्हणाला, "पुरे कर वं बाई." ती वाटत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मिरचीचं असेल. मला तिच्या बाजूनं काहीतरी बोलायचं होतं, पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि ते बरंच झालं. वाटून झालं तशी ती उठली, न धुतलेला वरवंटा कोनाड्यात उभा केला, आणि शिळ्या भाकरीचे तुकडे करून प्रत्येकावर ठेच्याचा गोळा ठेवून पंचांच्या हातावर दिला.

"खा. देव असंन तं बाटसान. वरवंटा असंन तं तोंड भाजंन."

दौलतबापूंनी पहिला घास घेतला. त्यांचं तोंड भाजलं. डोळे, नाक, सगळं वाहायला लागलं. पण ते पाहत होते देविदासकडे. तो गप्प झाला होता, खाली बसला होता, आणि एक एक सरकी ओळीला लावत होता. मान अजून उडत होती, पण पहिल्यासारखी, आपली रोजची.

बापूंनी पाणी मागितलं. प्याले. "देव नाई हा," ते म्हणाले. "पन मी लोकाईले काय सांगू पारबता?"

तेव्हा ती बसली, भिंतीला टेकून. मला वाटलं आता झोपते. "तिकडचे त्याले देव करून राहिले," ती म्हणाली, "तुमी त्याले चोर करून राहिले. दवाखान्यात नेला तं तिथं येड्याइच्या इस्पितळात पाठवा म्हनतात. मी काय मांगतो बापू? पोट्टा हाये माहा. पोट्ट्याच्या हिशेबानं वागवा त्याले. माह्या डोयादेखत एक मानूस त्याच्यासंग असं वागलं ना, मी सुटली."

पंच उठून गेले. वाळीत टाकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पण माणसाचा संशय काही ठेच्यानं जात नाही. बाया देविदासला सांभाळायच्या, पण कोनाड्याकडे पाठ करून बसायच्या, आणि त्याची मान उडाली की एकमेकींकडे पाहायच्या. त्यांच्या दयेत भीती मिसळली होती, आणि मावशीला ती दोन्ही नको होती. नाल्यापलीकडच्यांचं तर थांबलंच नाही. एक कुंभारीण नारळ घेऊन आली, दारात पदर पसरून बसली आणि देविदासला विचारू लागली, माझा मुलगा मुंबईला गेला तो येईल का. त्यानं शेवटचे शब्द परत दिले, तिला तो देवीचा कौल वाटला. बाई रडतच पाया पडली. मावशी कामावरून आली तेव्हा दारात नारळ, हळद-कुंकू, आणि देविदास कान दाबून कोपऱ्यात. तिनं नारळ उचलला, त्या बाईच्या घरापर्यंत गेली आणि परत दिला. "तुहा पोरगा येवो बाई," ती तिला म्हणाली, "पन माह्याले सोड." मला सांगताना म्हणाली, "नारय चांगला होता गुर्जी. चटनी झाली असती." हसलीही थोडी. पण त्या दिवसापासून ती खचली असं मला वाटतं. गरिबीनं ती कधी खचली नव्हती. पोराला रोज नव्यानं माणूस ठरवत बसायचा तिला थकवा आला होता.

नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात त्याला नेण्याचा विचारही तिनं एकदा केला. बोचकं बांधून बडनेऱ्यापर्यंत गेली, फलाटावर बसली, नागपूरची गाडी आली आणि गेली, आणि ती संध्याकाळी घरी. मी विचारलं तर म्हणाली, "तिथं त्याले सारंच नवीन असंन. रोज कोन सांगंन त्याले, काय कुठी ठेवलं ते?"

साठ-एकसष्टच्या सुमारास ती अकोल्याला गेली. तिच्या माहेरचा एक माणूस तिथल्या एका जिनात मुकादम होता. आवारात राहायला खोली आणि देविदासला कामावर बरोबर आणायची मुभा, एवढं त्यानं दिलं. जाताना तिनं पाटा-वरवंटा पोत्यात बांधला. कोनाड्याची भिंत काही नेता येत नाही. मी विचारलं, तिथं कसं करशील. "होईन थोडे दिवस बोंबाबोंब," ती म्हणाली, "इथं बी तेच हाये." सायकलरिक्षा निघाली तेव्हा देविदास मागं वळून घराकडे पाहत होता, आणि ती पुढं.

मी तिला त्यानंतर एकदाच भेटलो. सदुसष्ट साली, होळी होऊन गेल्यावर, एका लग्नासाठी अकोल्याला गेलो होतो. दुपारी वेळ होता म्हणून विचारत विचारत जिनात गेलो. आत यंत्रांची घरघर इतकी, की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागावं. हवेत रुई उडत होती. मी मुकादमाला मावशीचं नाव सांगितलं तर त्यानं हातानंच आवाराच्या टोकाकडे दाखवलं. तेवढ्यात दुपारची सुटी झाली. यंत्रं थांबली, आणि बाया डबे घेऊन एका कडुलिंबाखाली जमायला लागल्या.

मावशी ओळखू येईना इतकी वाळली होती. खोकत होती. मला पाहून उठायला लागली, मी खांदा दाबून खाली बसवलं. देविदास बुंध्याला टेकून पाय पसरून बसला होता, एकोणीस-वीस वर्षांचा गडी, ओठांवर मिशी. पापण्या, मान, हुक्, सगळं तसंच. पण अंग भरलं होतं आणि चेहऱ्यावरचा तो कायमचा धसका दिसत नव्हता.

"यंत्राच्या आवाजात त्याचा आवाज कोनाले आयकूच येत नाई," मावशी म्हणाली. "त्याले बी त्या घरघरीत बरं वाटते. पयले साताठ मयने लय तरास दिला. मंग बसला. कापसातली कवडी, किडका कापूस, येचते. मनात आलं तं येचते, नाई तं नाई."

तिच्या खोकल्याकडे पाहून मी विचारायला नको ते विचारलं. "मावशी, तुझ्यामागं याचं कसं?"

तिनं भाकरीचा घास मोडला आणि ती तो तसाच हातात धरून बसली. मला वाटलं, उगाच विचारलं. तेवढ्यात मागून एक बाई आली, जाडजूड, डोक्यावर रुईच रुई, हातात डबा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं आणि तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ देविदासपुढं जाऊन उभी राहिली.

"ए देविदास, सरक तिकडे. बैलावानी पसरला मेला. सारी सावली खाऊन राहिला."

देविदासची मान उडाली, हुक् झालं. "सारी सावली," तो म्हणाला, पाय ओढून घेतले आणि कुरकुरत वीतभर सरकला. बाईला तेवढं पुरेना. तिनं त्याला गुडघ्यानं ढकललं, बूड टेकलं, आणि डबा उघडून दुसऱ्या बाईशी कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागली. त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही.

मी मावशीकडे वळलो. ती त्या दोघांकडे पाहत होती, आणि तिचं तोंड रडण्याच्या बेतात आलं होतं.

"आयकलं काय गुर्जी?" ती हळूच म्हणाली. "रोज अशीच बोलते त्याले. भेत नाई, कीव करत नाई. घरच्या पोट्ट्यावानी बोलते."

मग तिनं तो घास खाल्ला. भोंगा झाला, बाया उठल्या. मावशी गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली, माझ्या हाताला हात लावला, आणि एकटीच चालत आत गेली. देविदासला तिनं हाक मारली नाही, मागं वळून पाहिलं नाही. त्या जाड बाईनं डबा पुसला, त्याच्या पाठीत एक बुक्की घातली, "चाल, उठ," म्हणाली, आणि तो तिच्यामागून गेला.